परतून आलेल्यांची मोजणी

मेलेला मासा पाण्यातून उचलावा, उलटापालटा करून न्याहाळावा, पोट चिरून आत पाहावे, मग कोयत्याच्या एका घावाने त्याचे दोन तुकडे करावेत आणि ते होते तेथेच नदीत टाकून द्यावेत. हे काम गुडघाभर थंडगार पाण्यात उभे राहून, दिवसभर, शेकडो माशांच्या बाबतीत करावे. यासाठी एक सरकार दरवर्षी पगारी माणसे नेमते, असे मी सांगितले तर आपल्यापैकी काहींना तो सरकारी उधळपट्टीचा नमुना वाटेल. काहींना त्यात वेडेपणाही दिसेल. परंतु कॅनडाच्या पश्चिम टोकाला, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, आणि लक्षावधी माशांचे व हजारो माणसांच्या पोटापाण्याचे भवितव्य त्या कोयत्याच्या घावाशी बांधलेले आहे. ते कसे, हे आज सांगावयाचे आहे.

हा मासा म्हणजे सॅमन. येथे एक खुलासा आधीच केलेला बरा. मुंबईच्या बाजारात आपला रावस पुष्कळदा ‘भारतीय सॅमन’ या नावाने खपतो. पण रावसाचे आणि सॅमनचे नाते नावापुरतेच आहे. खरा सॅमन थंड प्रदेशातला. पॅसिफिक महासागराच्या उत्तरेकडील भागात त्याच्या अनेक जाती आहेत, आणि त्यांतील सॉकआय या जातीची फ्रेझर नदीतली वीण हा आपला आजचा विषय.

सॉकआयचे आयुष्य बहुधा चार वर्षांचे असते. नदीच्या वाळूखड्यांखाली हिवाळाभर दडलेल्या अंड्यांतून वसंत ऋतूत पिले बाहेर पडतात, जवळच्या सरोवरात सुमारे वर्षभर वाढतात आणि मग नदीच्या प्रवाहाबरोबर समुद्र गाठतात. दोन वर्षांहून अधिक काळ ती अलास्काच्या आखाताच्या बाजूला, माणसाच्या नजरेआड, वाढत असतात. चौथ्या वर्षी मात्र ती परत फिरतात, आणि ज्या नदीत, किंबहुना ज्या ओढ्यात आपला जन्म झाला तोच गाठतात. शेवटच्या टप्प्यात जन्मजलाचा गंध त्यांना वाट दाखवतो. नदीत शिरल्यावर हा मासा अन्न घेत नाही. अंगातली चरबी जाळीत तो प्रवाहाविरुद्ध चढत राहतो. वाटेत त्याचा रुपेरी रंग जाऊन अंग लालभडक होते, डोके हिरवे पडते, नराचा जबडा आकड्यासारखा वळतो. मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी तळच्या खड्यांत खळगा करते, तीन-चार हजार अंडी घालते, नर ती फलित करतो, मादी वरून खडे लोटते. आणि मग थोड्याच दिवसांत दोघेही मरतात. त्या हजारो अंड्यांतून चार वर्षांनी सरासरीने दोन मासे परत आले, तर वंश आहे तेवढा टिकतो. दोनांहून अधिक आले तरच माणसाने जाळे टाकावे.

सगळा प्रश्न येथेच उभा राहतो. परत आलेले किती, हे कळल्याखेरीज पकडावे किती, हे ठरवता येत नाही. मच्छीमारीच्या दप्तरात विणीसाठी पोहोचलेल्या माशांना जो पारिभाषिक शब्द आहे त्याचा अर्थ ‘निसटलेले’ असा होतो. जाळ्यातून निसटले ते! शब्द कोळ्याच्या बाजूने घडवलेला आहे हे उघड आहे. माशाच्या बाजूने पाहिले तर ते निसटलेले नव्हेत, पोहोचलेले.

या पोहोचलेल्यांची मोजणी जुलै महिन्यात सुरू होते. फ्रेझर ही सुमारे १,३७५ किलोमीटर लांबीची नदी. तिच्या उपनद्या, सरोवरे आणि ओढे यांचे जाळे अफाट आहे. दूर उत्तरेकडील स्टुअर्ट सरोवराच्या ओढ्यांकडे जाणारे मासे आधी निघतात. त्यांना हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवायची असते. त्यामागून हॉर्सफ्लाय, चिल्को यांसारख्या नद्यांचे मासे येतात. सर्वांत शेवटी, ऑक्टोबरात, शुस्वाप सरोवराला मिळणाऱ्या अ‍ॅडम्स नदीची पाळी येते. समुद्रापासून सुमारे ५०० किलोमीटरांवर असलेली ही नदी खालच्या टप्प्यात अवघी ११ किलोमीटर लांबीची आहे. पण दर चार वर्षांनी येथे एवढे सॉकआय येतात की नदीचा तळ लाल दिसतो. २०१०, २०१४, २०१८, २०२२ ही अशी मोठी वर्षे होती. मधल्या वर्षी संख्या घटते, आणि उरलेल्या दोन वर्षांत तर नदी जवळजवळ रिकामी असते. हे चार वर्षांचे चक्र नेमके कशाने टिकून राहते, यावर शास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही.

लहान ओढ्यांवरची पद्धत अगदी साधी आहे. छातीपर्यंत येणारा रबरी पोशाख घालून, पाण्यावरची चकाकी मारणारा चष्मा लावून दोन माणसे ओढा चालत जातात. जिवंत किती, मेलेले किती, हे हातातल्या खटक्याच्या यंत्रावर मोजतात. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून मोठ्याने बोलत राहतात, कारण माशांच्या मेजवानीला अस्वलेही आलेली असतात आणि अस्वलाला अचानक सामोरे जाणे कोणाच्याच हिताचे नसते. काही दिवसांनी पुन्हा तोच ओढा, पुन्हा तीच मोजणी. हंगाम संपल्यावर, ज्या दिवशी जिवंत मासे सर्वांत अधिक दिसले त्या दिवसाचा आकडा घेतात, त्यात तोपर्यंत मोजलेल्या मृत माशांची बेरीज मिळवतात, आणि येणाऱ्या संख्येला १.८ ने गुणतात. या गुणकामागे अनुभव आहे: कोणत्याही एका दिवशी सगळे मासे ओढ्यात नसतात, काही अजून यायचे असतात, काही डोहात लपलेले असतात. जेथे अधिक खात्रीच्या पद्धतीबरोबर ही चालत केलेली मोजणीही झाली, तेथील तुलनेतून हा आकडा आला. तरीही तो अंदाजच. आपल्याकडे पिकाची आणेवारी नजरेने ठरवताना जे होई, त्याच जातीचा.

मोठ्या नद्यांवर नजरेचा अंदाज चालत नाही. तेथे आपल्या कोकणातल्या रापणीसारखे, काठावरून ओढायचे जाळे लावून जिवंत मासे धरतात. प्रत्येकाच्या पाठीवरच्या पराखाली एक सळई टोचून दोन्ही बाजूंना चकतीसारखे बिल्ले अडकवतात, नर की मादी ते लिहून घेतात, आणि मासा सोडून देतात. बिल्ला गळून पडण्याचा संभव असतो. म्हणून कल्ल्यावरील झाकणाला एक छिद्रही पाडून ठेवतात. बिल्ला हरवला तरी छिद्र साक्ष देते. नंतरचे आठवडे मृत माशांचे. काठाला लागलेला, खडकांत अडकलेला, डोहाच्या तळाशी गेलेला प्रत्येक मासा टोकदार काठीने ओढून तपासायचा: बिल्ला आहे काय, छिद्र आहे काय, नर की मादी. काही माद्यांचे पोट चिरून गाबोळी पाहायची. सगळी अंडी पोटातच राहिली असतील तर ती मादी पोहोचली खरी, पण विणीच्या दृष्टीने आली नाही असेच धरावे लागते. काही माशांचे खवले आणि कानातील इवलासा खडा काढून घेतात. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे त्यांत वयाची वलये असतात. आणि शेवटी तो कोयता. तपासलेला मासा दोन तुकडे करून टाकला म्हणजे पुढच्या फेरीत कोणी तो पुन्हा मोजीत नाही. आरंभी वेडेपणा वाटलेल्या त्या घावाचे रहस्य एवढेच, की एका माशाची हजेरी दोनदा लागू नये.

यामागचे गणित चौथीतल्या मुलाला समजावे इतके सोपे आहे. समजा, १,००० माशांना बिल्ले लावले. पुढे ५,००० मृत मासे तपासले, त्यांत १०० बिल्लेवाले निघाले. म्हणजे पन्नासांत एक. तर मग ज्या समूहात एक हजार बिल्ले मिसळले होते, तो समूह ५०,००० चा असला पाहिजे. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ योहानेस पेटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चपट्या माशांना बिल्ले लावून त्यांचा अभ्यास केला. त्यांचे नाव या पद्धतीला आणि त्या चकतीच्या बिल्ल्यालाही मिळाले.

परंतु गणित सोपे असले म्हणजे मोजणी सोपी होत नाही. नर विणीनंतर भरकटत जातो, मादी आपल्या खळग्यापाशीच राखण करीत मरते. तेव्हा काठाने फिरणाऱ्याला दोघांची प्रेते सारख्या प्रमाणात सापडत नाहीत. म्हणून नरमाद्यांचे हिशेब वेगळे मांडतात. बिल्ला लावताना झालेल्या धसमुसळ्याने मासा लवकर मेला तर हिशेब चुकतो. बिल्लेवाला मासा तांबड्या गर्दीत चटकन नजरेत भरतो आणि माणूस नकळत तोच आधी उचलतो, तर हिशेब आणखी चुकतो. ज्याने कधी पीककापणीचे प्रयोग पाहिले आहेत त्याला हा मोह ओळखीचा वाटेल. शेतातला चांगला पिकलेला तुकडाच मोजायला घेण्याची ओढ माणसाला असतेच. म्हणून मोजायचा तुकडा माणसाने निवडू नये, यदृच्छेने निवडावा, हे तत्त्व आपल्या देशात १९४० च्या दशकात पीककापणीला लागू करणाऱ्यांत सातारा जिल्ह्यात जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे अग्रभागी होते. शेत मात्र जागचे हलत नाही. माशाची गोष्ट वेगळी.

मोजणीतल्या एका वादाची कथा येथे सांगण्याजोगी आहे. फ्रेझर नदी हेल्स गेट, म्हणजे नरकद्वार, या नावाच्या घळीतून जाते. तेथे तिची रुंदी अवघी ३५ मीटर आहे. १९१३ साली रेल्वेमार्गाच्या बांधकामातील दगडमाती तेथे नदीत लोटली गेली, आणि १९१४ च्या फेब्रुवारीत मोठी दरड कोसळली. १९१३ हे भरतीचे वर्ष होते. घळीखाली मासे अडकून पडले. अडलेले मासे टोपल्यांत भरून वर नेऊन सोडण्याचेही प्रयत्न झाले. चार वर्षांनी, १९१७ साली, जे मासे परतायला हवे होते ते परतलेच नाहीत. पुढे दगड काढले गेले, आणि प्रश्न मिटला असे पुष्कळांना वाटले. १९३७ साली कॅनडा आणि अमेरिका यांच्या करारान्वये संयुक्त आयोग कामाला लागला. त्याचे संचालक विल्यम थॉम्पसन यांनी घळीपाशी माशांना बिल्ले लावले, आणि तेच मासे दिवसेंदिवस तेथेच घुटमळताना आढळले. नदीचे पाणी काही ठरावीक पातळ्यांवर असताना मासा ती घळ चढूच शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. तो मान्य होऊन १९४५-४६ च्या सुमारास दोन्ही काठांना काँक्रीटचे मत्स्यमार्ग बांधले गेले. त्यानंतर विल्यम रिकर या विख्यात मत्स्यशास्त्रज्ञांनी १९४७ साली आक्षेप घेतला: काठाशी जाळ्यात सहज सापडणारे मासे हे मुळातच दुबळे असतील, त्यांना बिल्ले लावून सबळ माशांविषयी बोलता येईल काय? थॉम्पसनांचे मत्स्यमार्ग आजही उभे आहेत आणि उपयोगी ठरले आहेत. तथापि रिकरांचा प्रश्नही तेवढाच खरा आहे. हाती लागलेले मासे हे सगळ्या माशांचे प्रतिनिधी आहेत काय, ही शंका बिल्ला लावणाऱ्याला आजही सोडीत नाही.

मोजणी चुकली तर काय होते? याचे उत्तर १९९४ सालात आहे. फ्रेझरच्या मुखापासून काही अंतरावर मिशन नावाचे गाव आहे. तेथे १९७७ पासून पाण्यात ध्वनिलहरी सोडून वर जाणारे मासे मोजतात. यावरूनच हंगामात जाळी कधी टाकू द्यायची आणि कधी उचलायची, हे दोन्ही देशांचे प्रतिनिधी एकत्र बसून ठरवतात. मिशनला मोजलेल्या माशांतून वरच्या अंगाला पकडलेले मासे वजा केले म्हणजे विणीच्या नद्यांवर तेवढे मासे भरले पाहिजेत. जमाखर्चाच्या दोन वह्या जुळाव्यात तसे. १९९४ साली वह्या जुळल्या नाहीत. लक्षावधी माशांचा पत्ता लागेना. चौकशीसाठी नेमलेल्या मंडळाचे अध्यक्ष कॅनडाचे माजी मत्स्यव्यवसायमंत्री आणि संसदेचे माजी सभापती जॉन फ्रेझर होते. (नदीला नाव मिळाले ते १८०८ साली ती उतरून गेलेल्या सायमन फ्रेझर यांचे, हे अध्यक्ष त्याच आडनावाचे असावेत हा योगायोग.) मंडळाने नदीच्या तापलेल्या पाण्याकडे बोट दाखवले, नोंद न झालेल्या पकडीकडे दाखवले, ढिल्या देखरेखीकडे दाखवले आणि मोजणीतल्या दोषांकडेही दाखवले. त्याच अहवालात एक वाक्यार्थ असा होता, की आणखी केवळ बारा तास मासेमारी चालू राहती, तर अ‍ॅडम्स नदीची वीण जवळजवळ नष्ट झाली असती.

बारा तास! कार्यालयात बसून आकडे मागवणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा काळ लक्षात ठेवण्याजोगा आहे. आठवड्याच्या विवरणपत्रात तेवढा उशीर आपण सहज क्षम्य समजतो.

त्यानंतर मासाच आपल्या सवयी बदलू लागला. अ‍ॅडम्सकडे जाणारे सॉकआय पूर्वी नदीच्या मुखाबाहेर खाडीत कित्येक आठवडे थांबत आणि पाणी थंडावल्यावर आत शिरत. १९९५ च्या सुमारापासून ते थांबेनासे झाले. उन्हाळ्याच्या ऊन पाण्यात लवकर शिरलेल्या या माशांपैकी फार मोठा भाग काही वर्षी वाटेतच मेला. मिशनच्या यंत्राने ते मोजले होते. ओढ्यावरच्या माणसाला ते कधी दिसलेच नाहीत. म्हणून खालच्या यंत्राने वरच्या माणसाला रजा देता येत नाही. दोहोंमधील तफावत हीच खरी बातमी असते.

२००९ साली एक कोटीहून अधिक मासे येतील असे भाकीत होते. आले ते पंधरा लाखांच्या आसपास. मोठे काहूर माजले आणि न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाचे काम सुरू होते न होते तोच, २०१० साली, सुमारे २ कोटी ८० लाख मासे आले. जणू माशांनीच साक्ष फिरवली. कोहेन यांचा २०१२ सालचा तीन खंडांचा अहवाल ७५ शिफारशी करतो, पण ऱ्हासाला कोणतेही एकच कारण जबाबदार असल्याचे सांगत नाही. पुढे २०२० साली तीन लाखांहूनही कमी मासे परतले. तेव्हापर्यंतच्या नोंदींतला तो नीचांक होता.

त्याच्या आदल्याच वर्षी बिग बार येथील दरड उघडकीस आली होती. फ्रेझरच्या निर्मनुष्य भागात बहुधा २०१८ च्या अखेरीस कडा कोसळला, आणि २०१९ च्या जूनपर्यंत ते कोणाच्या लक्षातही आले नाही. तेथे पाण्याला सुमारे पाच मीटरांचा धबधबा तयार झाला. हेल्स गेटची पुनरावृत्ती शतकानंतर झाली, फरक इतकाच की टोपल्यांच्या जागी या वेळी हेलिकॉप्टर आले. हजारो मासे टाक्यांत भरून वर नेऊन सोडण्यात आले. तरीही स्टुअर्ट सरोवराकडचे आरंभीचे मासे त्या वर्षी जवळजवळ सगळेच वाटेत संपले. तिकडच्या ओढ्यांवर मोजणारी माणसे नेहमीप्रमाणे गेली. पाणी निवळ होते, खडे स्वच्छ दिसत होते, आणि ओढ्यामागून ओढा रिकामा. अशा वेळी चालत राहणे हे भरल्या नदीत उभे राहण्याहून कठीण काम असावे. शून्य हाही आकडा आहे, आणि तोही जाऊन पाहूनच लिहावा लागतो. घरबसल्या लिहिलेले शून्य आणि ओढा चालून लिहिलेले शून्य कागदावर सारखेच दिसतात, पण पहिल्याला काही किंमत नाही.

दुर्दैवाने खर्चाला कात्री लागते ती येथेच. फ्रेझरच्या खोऱ्यात पूर्वी २५,००० हून अधिक मासे अपेक्षित असले की बिल्ल्यांची काटेकोर पद्धत वापरीत. या शतकाच्या आरंभी ती मर्यादा ७५,००० वर नेली गेली. प्रांताच्या किनाऱ्यावरील लहान ओढ्यांची स्थिती तर याहून बिकट आहे. १९८० च्या दशकानंतर दरवर्षी मोजल्या जाणाऱ्या ओढ्यांची संख्या घटत गेली. मोठ्या नद्या मोजल्या म्हणजे बहुतेक मासे मोजले गेले, हा युक्तिवाद हिशेबाला धरून आहे. पण प्रत्येक ओढ्याचा मासा त्याच ओढ्याचा असतो. तो एकदा संपला की शेजारचा ओढा त्याची जागा सहजासहजी भरून काढीत नाही. न मोजलेला ओढा केव्हा रिकामा झाला हेही कोणाला कळत नाही. अनेक ठिकाणी आता तेथील मूळ रहिवाशांची पथके ही मोजणी करतात. अ‍ॅडम्सच्या काठचे सेक्वेपेम्क लोक हजारो वर्षे या माशावर जगत आले आहेत, आणि ज्या ओढ्याची सरकारी वही कोरी आहे त्याविषयीही त्यांच्या वडीलधाऱ्यांना सांगण्यासारखे पुष्कळ असते.

नोव्हेंबर सरता सरता अ‍ॅडम्सच्या काठावरची शेवटची फेरी होते. तोवर गरुड आणि गल पक्षी उरलेसुरले साफ करीत असतात. तुकड्यांतून सुटलेले सत्त्व पाण्यात आणि काठच्या मातीत उतरते. त्यावर पोसलेल्या सूक्ष्म जीवांवरच वसंतातली पिले पुढे सरोवरात काही अंशी पोसली जातील. माणसे बोटी काठावर ओढतात, बिल्ल्यांच्या पिशव्या, खवल्यांची पाकिटे आणि भिजून फुगलेल्या नोंदवह्या गाडीत भरतात. हिवाळाभर या कागदांवरून बेरजा होतील, नरमाद्यांचे प्रमाण निघेल, पोटात राहिलेल्या गाबोळीची वजावट होईल. त्या अवधीत, गोठू लागलेल्या पाण्याखाली वीतभर खोल, अंड्यांतले काळे डोळे दिसू लागलेले असतात.